तोबऱ्यात काय कमी आहे?

१४७० च्या आसपासची गोष्ट. अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून जहाजाने निघाला आणि चौल बंदरात उतरला. विकण्याजोगी मोठी चीज त्याच्याकडे एकच होती, एक घोडा. घाट चढून तो जुन्नरला पोचला आणि पावसाळ्यात अडकला. चहूकडे पाणी, चिखल. त्यात तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. नाही बदललास तर घोडाही गेला आणि हजार मोहरा तूच भरायच्या, असा पेच. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून घोडा सुटला. पुढे बिदरला निकितिनने तो विकला आणि वहीत हिशेब मांडला : वर्षभर या घोड्याला पोसण्यात ६८ नाणी गेली.

घोड्याच्या खाण्याबद्दल त्याने आणखीही लिहून ठेवलंय. या मुलखात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशी होतात. इथले लोक घोड्याला हरभरा चारतात. साखर आणि तूप-तेल घालून खिचडी शिजवतात आणि तीही घोड्यालाच घालतात.

घोड्याला खिचडी! वाचताना हसू येतं. पण मग प्रश्न पडतो की मुळात गवत खाणाऱ्या जनावराला साखर-तुपाची खिचडी घालायची वेळ का यावी? त्याच्या खाण्यात काय कमी होतं, आणि ते खिचडीने भरून निघत होतं का?

आज घोड्यांसाठीच्या सप्लिमेंटचे रंगीत डबे मिळतात. केसांना चमक, खुरांना मजबुती, सांध्यांना वंगण, असं काहीबाही त्यांवर लिहिलेलं असतं. तुमच्या जिममधल्या प्रोटीन पावडरच्या डब्याची ही भावंडंच. पण ‘आणखी काय घालू?’ हा प्रश्न डब्यापेक्षा पुष्कळ जुना आहे. त्याचं उत्तर शोधताना माणसांनी दोन हजार वर्षं ज्या चुका केल्या, त्याच आपण आजही करतो. म्हणून हा इतिहास.

परक्या मुलखातला पाहुणा

घोडा हे गवताळ मैदानांचं जनावर. त्याचं जठर शरीराच्या मानाने अगदी लहान, पण त्यामागचं मोठं आतडं प्रचंड. तिथे अब्जावधी जिवाणू गवताचा धागा कुजवून त्यातून ताकद काढतात. म्हणून घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत राहतो. सुक्या वजनात मोजलं तर त्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के वैरण लागते. म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो. एकदम धान्याचा मारा केला तर पिष्ट न पचताच मागच्या आतड्यात पोचतं, तिथे आम्ल तयार होतं, पोटशूळ उठतो, खुरांच्या आत दाह होतो. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं.

आता असा प्राणी दख्खनमध्ये आणा. चार महिने पाऊस, हिरवंगार गवत. मग ते फुलोऱ्यावर येतं, बी धरतं, वाळतं आणि उरलेले आठ महिने त्याची काडी होते. काडीत धागा असतो, पण प्रथिनं फारशी नसतात. अशा वैरणीवर घोडा जगेल, पण अंगावर स्वार आणि सामान घेऊन रोज मैलोन्‌मैल पळणार नाही. म्हणजे कमतरता खरी होती. हरभऱ्याने ती बऱ्यापैकी भरली. प्रथिनं मिळाली, ताकद मिळाली. ‘चंदी’ हा शब्द मराठीत रुळला तो घोड्याच्या याच रोजच्या दाण्यासाठी, आणि तो दाणा ज्या पिशवीतून घोड्याच्या तोंडाला बांधायचा तो तोबरा.

पण सगळीकडे हे जमलं नाही. निकितिनच्या दोनेकशे वर्षं आधी मार्को पोलोने कोरोमंडल किनाऱ्यावरची हकिकत लिहिली. तिथला राजा दरवर्षी दोन हजारांवर घोडे समुद्रापलीकडून विकत घेतो आणि वर्ष सरता सरता त्यातले शंभरही उरत नाहीत, कारण त्यांची निगा राखणं तिथे कुणाला येत नाही. घोड्यांना भातात शिजवलेलं मांस घालतात. उत्तम घोडा आणि उत्तम घोडी यांच्यापासूनही वाकड्या पायांचं, बसायच्या कामाचं नसलेलं शिंगरू निपजतं. त्याच काळातला इराणी इतिहासकार वस्साफ चकित होऊन सांगतो, की तिथे गेल्यावर या घोड्यांना कच्च्या सातूऐवजी भाजलेले सातू आणि लोणी लावलेलं धान्य देतात, प्यायला गाईचं उकळलेलं दूध देतात.

व्यापाऱ्यांना अर्थातच हे सोयीचं होतं. घोडे मेले की पुढच्या वर्षी पुन्हा मागणी. निगेचं ज्ञान नसणं हाच कुणाच्या तरी धंद्याचा पाया होता.

मानाचं ताट

आपल्याकडे ज्ञान नव्हतंच असं मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर एक अख्खा अध्याय आहे. त्यात उत्तम घोड्याचा रोजचा शिधा मापासकट दिलाय : दोन द्रोण तांदूळ, सातू किंवा राळ्यासारखं धान्य, अर्धवट शिजवलेलं, नाहीतर शिजवलेले मूग किंवा उडीद. सोबत एक प्रस्थ तेल-तूप, पाच पलं मीठ, पन्नास पलं मांस, आणि कालवायला रस्सा किंवा दही. व्यालेल्या घोडीला पहिले तीन दिवस तूप, नंतर सातूचं पीठ आणि औषध. शिंगराला सहा महिन्यांपर्यंत दूध. वय बघून, अवस्था बघून, काम बघून शिधा बदलायचा, ही समज तिथे पक्की दिसते.

अठराशे वर्षांनी अबुल फजलने आइने-अकबरीत अकबराच्या खास घोड्यांचा खुराक नोंदवला. रोज साडेसात शेर दाणा, हिवाळ्यात तो उकडून. दोन शेर पीठ, दीड शेर साखर. थंडीत ताजं गवत सुरू होण्याआधी अर्धा शेर तूप.

या याद्या शेजारी शेजारी ठेवा. तूप, साखर, दूध, मांस, शिजवलेलं धान्य. ही नावं ओळखीची वाटतात ना? घरी जावई आला की आपण जे ताटात वाढतो, तेच. घोडा महाग, घोडा मानाचा, म्हणून त्याला मानाचं ताट. यातलं काही उपयोगाचं होतं. तुपाने ऊर्जा मिळते, घाम गाळणाऱ्या घोड्याला मीठ लागतंच. पण ताट ठरत होतं ते बरंचसं माणसाच्या जिभेवरून आणि मालकाच्या ऐपतीवरून. घोड्याच्या हाडांनी कधी तक्रार केलीच, तर ती ऐकू यायला फार वर्षं जाणार होती.

वैरणीचा धनी कोण?

त्याआधी एक पत्र. १६७० च्या दशकातलं, शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना आणि कारकुनांना लिहिलेलं. मराठी मुलं शाळेत या पत्राबद्दल ऐकतात ते रयतेच्या काळजीसाठी, आणि ते योग्यच आहे. पण एकदा ते घोड्याच्या खुराकाचं पत्र म्हणून वाचून बघा.

पावसाळा तोंडावर आहे. छावणीसाठी दाणा आणि वैरण साठवून ठेवलीय. महाराज बजावतात, की आत्ता साठा आहे म्हणून मनाला येईल तसा उधळलात, तर ऐन पावसात काही मिळणार नाही. उपास पडतील, घोडी मरायला लागतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही रयतेला त्रास द्यायला जाल. कुणी कुणब्याचं धान्य आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजीपाला. जे कुणबी जीव धरून राहिलेत तेही निघून जातील. त्यांना वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे तर गवताच्या गंजींना आग लागू नये म्हणून दिवे, चुली, चिलमी आणि जळती वात पळवणारे उंदीर इथपर्यंत सूचना आहेत.

या पत्रात खिचडी नाही, साखर नाही. आहे तो साधा हिशेब : किती घोडी, किती महिने, किती दाणा, किती गवत. आधी मूळ वैरण. ती पुरली पाहिजे, चांगली राहिली पाहिजे, आणि ती कुणाच्या तोंडचा घास काढून आलेली नसावी. घोड्याच्या पोटाचा प्रश्न शेवटी कुणब्याच्या पोटापर्यंत जातो, हे इतक्या रोखठोक शब्दांत सांगणारा दुसरा कागद सापडणं अवघड.

उलट बाजूही आपल्या इतिहासात आहे. १७६०-६१ च्या हिवाळ्यात पानिपतावर रसद तुटली, दाणावैरण संपली, आणि लढाई उभी राहण्याआधीच छावणीत जनावरं भुकेने मरत होती. तिथे कुठलाही मसाला, कुठलंही टॉनिक कामाला येणार नव्हतं.

घोड्यासोबत आलेलं गवत

खुराकाचं कोडं काही लोकांनी वेगळ्या वाटेने सोडवलं होतं. दाण्यात काही मिसळत बसण्यापेक्षा त्यांनी गवतच बदललं.

इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात चीनच्या हान सम्राटाला मध्य आशियातल्या फरगाण्याचे घोडे हवे होते. त्यासाठी वकील गेले, पुढे फौजाही गेल्या. इतिहासकार सिमा चिएन लिहितो, की तिथले घोडे एक ठराविक वनस्पती आवडीने खातात हे चिनी वकिलांनी पाहिलं आणि तिचं बी सोबत आणलं. राजवाड्यांच्या आसपास नजर पोचेल तिथवर तिची लागवड झाली. हीच आपली लसूणघास, इंग्रजीतली ल्यूसर्न किंवा अल्फाल्फा. अल्फाल्फा हा शब्द अरबीतून आला आणि त्याच्या मुळाशी जुना इराणी शब्द आहे, ज्याचा अर्थच ‘घोड्याचं खाणं’. ग्रीसमध्ये ती इराणी स्वाऱ्यांसोबत पोचली असं रोमन लेखक प्लिनी सांगतो.

घोडा घ्यायचा तर त्याचं गवतही घ्यायचं, एवढं त्या वकिलांना कळलं होतं. त्या गवतात नेमकं काय आहे हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं. ते कळलं घोड्यांच्या जबड्यांवरून.

फुगलेला जबडा

युरोपात गिरणीवाल्यांच्या घोड्यांना एक विचित्र आजार व्हायचा. घोडा आधी लंगडायचा, मग त्याच्या जबड्याची आणि नाकाची हाडं फुगत जायची, चेहरा बेढब दिसायचा. गिरणीवाल्याकडे कोंडा फुकट, त्यामुळे घोड्याला कोंड्याचा रतीब. म्हणून नावच पडलं कोंड्याचा रोग. गंमत अशी, की कोंडा हे पौष्टिक खाणं मानलं जायचं. मालक कौतुकाने घालत होता आणि घोड्याचं हाड झिजत होतं.

कारण असं. घोड्याच्या खुराकात कॅल्शियम हे फॉस्फरसपेक्षा कमी असून चालत नाही. साधारण दीडपट ते दुप्पट असलं तर उत्तम. गव्हाच्या कोंड्यात नेमकं उलटं असतं, फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट. धान्यात आणि हरभऱ्यातही फॉस्फरसचंच पारडं जड. असा खुराक महिनोन्‌महिने चालला की रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून काढायला लागतं. हाड पोकळ होतं आणि त्या जागी तंतूंची गादी भरते. म्हणून चेहरा मोठा दिसतो, पण आतून ठिसूळ असतो. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिपीन्समधल्या अमेरिकी लष्कराच्या घोड्यांचा अभ्यास करताना पशुवैद्यांनी या रोगाची गाठ कॅल्शियम-फॉस्फरसच्या बिघडलेल्या तोलाशी घातली. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात आणखी एक पेच उघड झाला. उष्ण प्रदेशातल्या काही गवतांत ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला असं घट्ट धरतं, की गवतात कॅल्शियम असूनही घोड्याच्या अंगी लागत नाही. संकरित नेपियरही याच गटातलं, आणि ते आज महाराष्ट्रात गावोगाव लावलं जातं. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ऑक्झलेटचा बराच बंदोबस्त करतात. घोड्याला ती सोय नाही. म्हणून गोठ्यातलं चांगलं गवत तबेल्यातही चांगलंच ठरेल असं नाही.

आता मार्को पोलोची ती वाकड्या पायांची शिंगरं पुन्हा आठवा. सातशे वर्षांनंतर त्यांचं निदान करता येणार नाही. हवामान, रोगराई, जंत, काहीही कारण असू शकेल. पण भातावर आणि धान्यावर वाढलेली घोडी आजच्या पशुवैद्याला दाखवली, तर तो आधी तिच्या हाडांची चौकशी करेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि जे कमी होतं ते केवढ्याचं होतं? या दोषावर उतारा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, जनावरांसाठी मिळणारी चुनखडीची साधी भुकटी. (पानाला लावायचा चुना नव्हे; तो तोंड भाजतो.) किंवा कोंडा कमी करून ओंजळी-ओंजळीने वाढवलेली लसूणघास, कारण तिच्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या कितीतरी पट असतं. हान सम्राटाच्या वकिलांनी जे आणलं ते हेच. तुपा-साखरेपेक्षा कितीतरी स्वस्त.

चिमूटभर जास्त

कमी पडलं तर काय होतं हे पाहिलं. जास्त झालं तर?

मार्को पोलोचीच आणखी एक नोंद आहे, चीनच्या वायव्येकडची. तिथल्या डोंगरात एक वनस्पती उगवते; ती खाल्ली की जनावरांची खुरं गळून पडतात. स्थानिक जनावरं तिला तोंड लावत नाहीत, परकी फसतात. काही अभ्यासकांना यात सेलेनियमची विषबाधा दिसते, सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण १८५६ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट रँडल इथल्या लष्करी डॉक्टरने घोड्यांचे केस आणि खुरं गळण्याची अशीच साथ पाहिली होती. १९३० च्या दशकात त्या भागातल्या मातीत आणि गवतात सेलेनियम सापडलं. सेलेनियम म्हणजे विष, असंच मग मानलं गेलं. १९५७ मध्ये मात्र कळलं, की अगदी थोडं सेलेनियम शरीराला लागतंच. ते नसेल तर अवयव निकामी होतात.

म्हणजे किती थोडं? घोड्याच्या किलोभर सुक्या खाण्यात सुमारे ०.१ मिलिग्रॅम पुरतं. काही मिलिग्रॅमवर गेलं की तेच विष.

१९ एप्रिल २००९. फ्लोरिडातलं वेलिंग्टन, अमेरिकेतली सर्वात मानाची पोलो स्पर्धा. एका व्हेनेझुएलन मालकाच्या संघाचे घोडे सामन्यासाठी आणले जात होते आणि एकेक घोडा लडखडत खाली बसायला लागला. एकूण २१ घोडे दगावले. त्यांना जीवनसत्त्वं आणि खनिजांचं एक मिश्रण टोचलं होतं, दमलेल्या स्नायूंना उभारी यावी म्हणून. ज्या तयार औषधावरून ते बेतलं होतं त्याला अमेरिकेत परवानगी नव्हती, म्हणून ते एका औषधालयाकडून खास बनवून घेतलं गेलं. त्यात सेलेनियमचं माप चुकलं. ज्या घोड्यांना ते टोचलं नव्हतं ते वाचले.

त्या घोड्यांचे मालक गरीब नव्हते, पशुवैद्य जवळच होते, घोड्यांवर प्रेमही असेल. पण त्या मिश्रणाने नेमकी कुठली उणीव भरायची होती? टोचण्याआधी हा प्रश्न कुणी विचारला होता का?

आधी गव्हाण बघा

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. महाराष्ट्रातला घोड्यांचा हा मोठा आणि जुना बाजार. तिथे घोड्याचं कौतुक त्याच्या खुराकावरून करायची रीत आहे : दूध, तूप, गूळ, काजू-बदाम. मानाचं ताट अजून मोडलेलं नाही. दुसरीकडे माथेरानचा घोडेवाला, लग्नाच्या वरातीचा घोडेवाला. त्यांच्या घोड्यासमोर पेंढा, थोडा हरभरा आणि गिरणीतला कोंडा. डबे विकणारा दोघांनाही एकच डबा दाखवतो. पण पहिल्याच्या घोड्याला बहुधा नुसती ऊर्जा जास्त होतेय आणि दुसऱ्याच्या घोड्याला खनिजं कमी पडताहेत.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वैरण तोला, रोज किती किलो आणि कसली. मग दाणा आणि कोंडा तोला. मग घोड्याचं काम बघा, त्याचे दात बघा, जंताचं औषध कधी दिलं ते आठवा. दात झिजलेल्या घोड्याला सोन्याचा चुरा घातला तरी अंगी लागणार नाही. चाटायला मीठ आणि प्यायला पाणी भरपूर ठेवा. एवढं झाल्यावर जे कमी दिसेल तेवढंच घाला. दोन डबे असतील तर त्यांची लेबलं शेजारी ठेवून वाचा, एकच खनिज दोन्हींत नाही ना? सेलेनियमसारख्या गोष्टी पशुवैद्याला विचारल्याशिवाय नकोत.

पत्रात महाराजांनी जुमलेदारांना करायला लावला होता तो हिशेब याहून फार वेगळा नव्हता. निकितिननेही घोड्यावर गेलेलं नाणं न नाणं लिहून ठेवलं. तोबऱ्यात काय पडलं आणि किती, हे घोड्याला सांगता येत नाही. ते मोतद्दारालाच माहीत असावं लागतं.